बेपत्ता दोन डिग्री

इनासकाकांच्या कारखान्यात शिरायला सराव लागायचा. दार वीतभर उघडायचं, पोट आत घेऊन आडवं सटकायचं आणि लगेच दार ओढून घ्यायचं. एवढी कसरत करूनही आतून आवाज यायचाच, "मास्तर, पयलं दार, मंग गुड मॉर्निंग. ऊब पळते."

मे महिन्यात वसई तालुक्यातली ऊब पळून जाईल ही काळजी वाहणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. पळाली असती तर सगळ्या गास गावाने तिला वेशीपर्यंत पोचवलं असतं.

कारखाना म्हणजे घराला चिकटलेली एक खोली. उमेदीची वर्षं मुंबईत बॉयलरवर घालवून काका स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी गावी परतले आणि चर्चमधली, लग्नाच्या बँडमधली मोडकी व्हायोलिनं जोडू लागले. व्हायोलिन सरसाने चिकटतं आणि खोली गार असली की सरस लावता लावता थिजतो, हे मला मान्य आहे. पण काकांना खोली नुसती ऊबदार नको होती, तिचा हिशेब हवा होता. करवंट्यांच्या कोळशाची शेगडी पेटवून थर्मामीटरचा पारा नव्वद फॅरनहाइटवर न्यायचा, शेगडी बाहेर काढायची आणि पाव तासात किती उतरला ते सुताराच्या पेन्सिलीने दारामागे लिहायचं. मग पेटती मेणबत्ती घेऊन भिंतीभिंतीने फिरायचं. ज्योत झुकली की तिथे फट. फट सापडली की तिच्यात काथ्या आणि मेण.

मी शाळेत गणित शिकवत असल्यामुळे भागाकार माझ्या गळ्यात पडले. दारातून इतकी गेली, कौलांतून इतकी, खिडकीतून इतकी. सगळं मांडून झालं तरी दोन डिग्री उरायच्याच. काका त्यांच्यापुढे शांतपणे लिहायला लावायचे, "बेपत्ता." मुलांना उत्तर जुळलं नाही म्हणून बाकावर उभं करणारा मी, रोज तो शब्द लिहून घरी जायचो.

कारखान्याच्या भिंतीपलीकडच्या खोलीत मार्थाकाकी दोन वर्षं अर्धांगवायूने पडून होत्या. आवाज पुटपुटण्यापुरताच उरला होता. दिवसभर हातात जपमाळ. माझी बायको म्हणायची, "भिंतीचा ताप बघायला वेळ आहे, बायकोच्या कपाळाला कधी हात लावतात का?" मला ते अगदी पटायचं. मी स्वतः घरी आल्यावर आधी वर्तमानपत्र उघडतो, ती गोष्ट वेगळी.

काका एका भिंतीला मात्र मेणबत्ती कधी दाखवत नसत. तिथे सुतारांच्या संताची, संत जोसेफची तसबीर होती. "संताच्या तोंडाला धूर नको," म्हणायचे. बॉयलरवर आयुष्य काढलेल्या माणसाला धुराचं हे सोवळं मला शोभेसं वाटलं नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी काका अंगणात सरस तापवत होते, तेव्हा मी मेणबत्ती उचलली. तसबिरीशी ज्योत सपशेल आडवी झाली. मागे एक वीट काढलेली होती, काका स्टुलावर बसत तेव्हा कान येई बरोबर त्या उंचीवर. एवढा बॉयलरवाला आणि एवढं भोक दिसलं नाही, असं मनाशी हसत मी ते काथ्याने ठासून भरलं, वर मेण ओतलं आणि संताला जागेवर टांगलं.

काका आले, स्टुलावर बसले. शेगडी बाहेर गेली. पाव तासाने पारा पाहिला तर नेहमीपेक्षा दोन डिग्री वर.

"काका, बेपत्ता सापडली," मी म्हणालो.

त्यांनी पाऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. व्हायोलिन मांडीवर तसंच, मान भिंतीकडे वळलेली. "मार्था?" ते म्हणाले. मग उठले, दार सताड उघडलं आणि शेजारच्या खोलीत धावले. मी मागोमाग गेलो.

काकी जागच्या जागी होत्या. डोळे भिंतीतल्या त्या विटेएवढ्या काळ्या चौकोनावर खिळलेले, गालांवर पाणी.

"भोक बुजवलंस तू?" त्या कशाबशा पुटपुटल्या.

"नाय गं. मी नाय. मास्तरानं," काका म्हणाले आणि माझ्याकडे न बघता काथ्या बोटांनी उपसू लागले. "तुझा जप आयकू नाय आला तर माझा हात चालतो का?"

दोन वर्षं मी त्या माणसाबद्दल जे मानत होतो, त्याची मला मनापासून लाज वाटली.

आम्ही परत आलो. कारखान्याचं दार अजून उघडंच होतं, सरस थिजला होता. काकांनी तसबीर उतरवून कोपऱ्यात ठेवली, स्टूल भिंतीशी ओढलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"लिहा, मास्तर. दोन डिग्री बेपत्ता."

मी लिहिलं.