गाडेकर तात्यांचं मस्टर

दर वर्षी सतरा सप्टेंबरला सकाळी सव्वासातला मी किसन सुतार होतो. एरवी मी जोशी. गारखेड्यात राहतो, एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे आणि भाजीवाल्याशीसुद्धा भांडायची माझी छाती होत नाही. पण मराठवाडा मुक्तिदिनाला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये 'किसन सुतार' असा पुकारा झाला की मी 'हजर' म्हणतो. तेही कण्हत. किसन सुताराच्या मांडीत गोळी घुसली होती, आणि मांडीत गोळी असलेला माणूस खणखणीत आवाजात हजर म्हणत नाही, असं तात्यांचं म्हणणं.

तात्या म्हणजे रंगनाथ महादू गाडेकर, तळमजला, दुसरं दार. वाळूजच्या एका कारखान्यात जन्मभर टाइमकीपर होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजून समोर माणूस आला की ते आधी घड्याळ बघतात, मग माणूस.

त्यांच्या गावच्या नदीवर निजामाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. येणारीजाणारी प्रत्येक बैलगाडी तिथं अडवली जायची. गावातल्या अकरा जणांनी एका पहाटे तो नाका घेतला. बंदुका दोन, त्यातली एक उडालीच नाही. पण नाका पडला आणि त्या भागातली लढाई तिथंच फिरली. कुठल्या पुस्तकात हे सापडणार नाही. ते तात्यांच्या मस्टरमध्ये आहे. एका ओळीत एक नाव, एका वर्षाला एक रकाना.

मुक्तिदिनाच्या आठ दिवस आधी तात्या दारोदार फिरून आम्हाला हजेरीसाठी त्या अकरांची नावं वाटायचे. म्होरक्याचं नाव सगळ्यांना हवं असायचं. हुसेन पिंजाऱ्याचं नाव घ्यायला अलीकडे कोणी तयार होईना. कारण कोणी बोलून दाखवत नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. ते नाव तात्या स्वतःकडे ठेवू लागले. एकदा एका पुढाऱ्याला बोलावलं होतं. तो 'शेकडो वीरांनी' म्हणताच तात्या मधेच उभे राहिले. "अकरा," ते म्हणाले. "खरं ते खरं." पुढारी पुन्हा आला नाही, आणि सोसायटी त्याचं खापर अजून तात्यांच्या डोक्यावर फोडते.

वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर एका वर्षी सात मिनिटं उशिरा उतरले. तात्यांनी त्यांच्या नावापुढे 'लेट' लिहिलं. डॉक्टरांकडे होता सदाशिव गुरव, जो त्या पहाटे नाक्यावरच गोळी लागून पडला. शहिदाला लेटमार्क कसा देता, म्हणून डॉक्टर वाद घालू लागले. तात्या शांतपणे म्हणाले, "सदाशिव वेळेवर आला व्हता. लेट तुमी आले."

यंदा मुक्तिदिन गणपतीत आला. पार्किंगमध्ये मांडव. सेक्रेटरींनी तोडगा काढला की हजेरी ग्रुपवरच घेऊ. आदल्या दिवशी त्यांनी ग्रुपवर नावं टाकली आणि पाच मिनिटांत भराभर अंगठे आले. त्यात माझाही होता. सेक्रेटरींनी मोठ्या कौतुकानं मोबाइल तात्यांच्या पुढे धरला.

तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं. "निजामाच्या राज्यात अडाणी माणसं अंगठा उठवायची," ते म्हणाले. "तुमी तर शिकलेले हायेत."

आणि सकाळी सव्वासातला मस्टर घेऊन ते मांडवाच्या कडेला उभे राहिले. मी मात्र दुधाची पिशवी आणायला उतरलो होतो. हे सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं.

त्यांनी पुकारा सुरू केला. 'किसन सुतार' आल्यावर मी पिशवी हातात धरून कण्हलो. बाकीच्यांचंही 'हजर' मीच म्हणतो, म्हटलं, तर ते ऐकेनात. एकानं दुसऱ्याचं कार्ड पंच केलं की कारखान्यात मेमो मिळायचा. हुसेन पिंजाऱ्याला ते स्वतः हजर झाले. उरलेल्या नऊ नावांपुढे त्यांनी एकेक करून 'गै' लिहिलं. नाका घेणाऱ्या अकरांतले नऊ गैरहजर होते, असं आता ते मस्टर सांगणार. आमच्या सोसायटीनं निजामाला एवढी मदत करावी, याचा मला संताप आला. सगळ्यांत जास्त माझाच.

मी जायला वळलो तेव्हा मागून हळू आवाज आला. "महादू रामजी."

मस्टरमध्ये बारावी ओळ होती. इतकी वर्षं मी कण्हून झालं की चहाला पळायचो, म्हणून ती कधी कानावर आली नव्हती. पण त्यातलं 'महादू' मी रोज त्यांच्या दारावरच्या पाटीवर वाचत होतो.

"तुमचे वडील?"

"व्हय. पहिला बार झाला अन् ते पळाले. नदी वलांडून गेले ते आलेच नाय. म्या तवा आईच्या पोटात." त्यांनी मस्टरवरून हात फिरवला. "गावानं दगडावर अकरा नावं कोरली. बरोबरच हाय. पळाले ते पळालेच. पण मस्टरवरनं नाव काढायचं नसतंय, साहेब. नाव काढलं की गेटवरचा वॉचमन माणसाला आत सोडत नाय."

महादू आज असते तर त्यांनी शंभरी ओलांडली असती. हे माझ्या ओठांवर आलं होतं, मी गिळलं. काही तरी करावं म्हणून हलक्या आवाजात म्हणालो, "हजर."

"तुमी नका म्हणू," तात्या म्हणाले. "त्यांचं त्यांनी म्हणावं."

ते फाटकाकडे बघत राहिले. फाटकातून पेपरवाला आला आणि गेला. मग त्यांनी घड्याळ बघितलं, पेन उघडलं आणि बाराव्या ओळीत लिहिलं. मी वाकून पाहिलं. यंदाच्या रकान्यात, गेल्या वर्षीच्या, त्याच्या आधीच्या, पार पहिल्या पानापर्यंत त्या ओळीत 'गै' एकदाही नव्हतं. प्रत्येक वर्षी तात्यांनी बापाच्या नावापुढे एकच शब्द लिहिला होता. लेट.