मुरलीधररावांच्या जिन्याला कठडा

दिल्लीत पहाडगंजातल्या मुरलीधर सप्रे यांच्या घराला १९९६ साली वारसावास्तूचा दर्जा मिळाला आणि आमच्या मराठी मंडळाने पेढे वाटले. मागणी मंडळाचीच होती. दिल्लीच्या मोहिमेवर आलेला एक मराठा सरदार या घरात उतरला होता, असं आमचं ठाम म्हणणं. घर बांधलंय १९३४ साली. पण अभिमानाचं काम हाती घेतल्यावर असल्या तपशिलात कोण शिरतो! सरदार उतरल्याचं शपथेवर सांगितलं, ते खुद्द मुरलीधररावांनी.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टरांनी बजावलं, रोज खाली उतरून चाललात तर पाय परत येईल, नाहीतर विसरा. राहणं वरच्या मजल्यावर, जिना उभा, अंधारा आणि बिनकठड्याचा. त्यांच्या पत्नीने, कौशल्याबाईंनी, कठडा बसवायची परवानगी मागितली.

तपासणीला वारसा समितीचे श्रीपाद देवस्थळी आले. मूळचे सांगलीचे, राहायला लक्ष्मीबाई नगरात. "आपला माणूस आहे, बिल्कुल काळजी करू नका," आम्ही म्हणालो. आपल्या माणसाने चहा घेतला, जिना पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"वहिनी, कठडा नसणं हेच या जिन्याचं मूळ स्वरूप आहे."

"अहो, पण हे पडतील ना!"

"पडणं ही वापरकर्त्याची बाब झाली. वास्तूला त्यापासून धोका नाही. सरदारही असेच उतरले असतील."

"सरदार-बिरदार कुणी नव्हता हो!" मुरलीधरराव आतून ओरडले. "मी थाप मारली!"

देवस्थळींनी सहानुभूतीने मान हलवली. "आजारपणात स्मृती जाते. नोंद मात्र कायम राहते."

मग त्यांनी नियम समजावून सांगितले. कठडा जुन्यासारखा दिसला तर ती जनतेची फसवणूक. नव्यासारखा दिसला तर विसंगत जोड. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, आणि उद्या काढून टाकला तर मागे खूण राहता कामा नये.

"अच्छा, म्हणजे माणूसच उभा करायचा!" कौशल्याबाई वैतागून म्हणाल्या.

"उत्तम! मंजूर," देवस्थळी म्हणाले आणि तसा शेरा मारून गेले.

मंडळाने तातडीची सभा घेतली. रोज एका सभासदाने जाऊन मुरलीधररावांना हात द्यायचा, असा ठराव टाळ्यांच्या गजरात झाला. पहिल्या आठवड्यात तर एका काठीला चार हात अशी गर्दी! पुढे ज्याचं त्याचं गुडगावात फ्लॅटचं बुकिंग लागलं. एकेक जण तिकडे गेला, मीही गेलो. काय करणार, यार! आमच्या सोसायटीला प्लास्टरच्या मराठेशाही कमानी आहेत, आणि लिफ्ट दोन.

कौशल्याबाईंना एकटीला त्यांचं वजन पेलवेना. एकदा दोघं घसरत खाली आली, तेव्हापासून मुरलीधरराव उतरलेच नाहीत. पाय गेला तो गेलाच. दिवसभर ते जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात, कुणी येतंय का बघत.

येतात ना, दर रविवारी वारसा सहलीला लोक येतात. तुम्हीही आला होतात, आठवतंय? जिना बघून 'वा!' म्हणालात. कॅमेरा डोळ्याला लावलात, तेव्हा वरून मुरलीधररावांनी हात पुढे केला होता. आणि तुम्ही अगदी गोड आवाजात म्हणालात, "काका, फोटोत येतोय, तेवढा हात खाली घेता का?"