पाठमोरी पाटी

चांदभाई पेटीवाले स्वतःच्याच दुकानासमोरून जाण्यासाठी तिकीट काढून एसटीत बसत असत. शेवगावात त्यांच्याविषयी जे जे सांगितले जाते, त्यात एवढेच खरे आहे. बाकीचे आमच्या वकीलसाहेबांच्या ओट्यावर तयार झालेले आहे. वकीलसाहेब माझे स्नेही आहेत. पण ती पाटी चढवताना शिडी मी धरली होती, त्यांनी नव्हे.

नगरकडून येताना गावाच्या तोंडाशीच चांदभाईंचे दुकान होते. लग्नात द्यायच्या पत्र्याच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या, पाण्याची घंगाळे. सारे ते स्वतः ठोकून काढीत. शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर माझी बैठक तिथेच, एखाद्या न विकलेल्या पेटीवर असे. नव्वद सालानंतर गावात पाट्यांची चढाओढ लागली. न्हाव्यानेही दारावर दिवे लुकलुकवले. चांदभाईंच्या दुकानावर मात्र पाटी नव्हती. ‘चिकटपणा, दुसरे काय!’ असा निकाल वकीलसाहेबांनी दिला. मी तो तेव्हाही अमान्य केला होता. चिकट मनुष्य पाटी लावत नाही. चांदभाई पाटी निवडत होते, आणि ती त्यांना निवडता येत नव्हती.

रंगवलेले पत्र्याचे तुकडे ते दुकानापुढच्या लिंबाच्या खोडाला टांगीत आणि येईल त्या गिऱ्हाइकाला हाताला धरून रस्त्यापलीकडे नेत. ‘आधी लांबून बगा, मंग बोला,’ हे त्यांचे पालुपद. पेटी घ्यायला आलेल्या वधुपित्याला पेटीसुद्धा ते रस्त्यापलीकडूनच दाखवीत. एकाने जावयाविषयी मत विचारले, तर त्यालाही तेच उत्तर मिळाले.

‘चांदभाई, जावई काय रस्त्यापल्याड उभा करू?’

‘करा की. जवळून समदेच गोरे दिसत्यात.’

नगरहून एक चुणचुणीत विक्रेता आतून उजळणारी पाटी घेऊन आला. चांदभाईंनी ती भर दुपारी उन्हात उभी केली, दुरून पाहिली आणि परत केली. ‘ही दिवसा आजारी दिसती,’ म्हणाले. मग आमचा दिलीप पेंटर आला. त्याने गुलाबी, निळी, सावली दिलेली अशी नाना अक्षरे काढून पाहिली. प्रत्येक नमुना लिंबाला टांगून चांदभाई नगरच्या रस्त्याने अलीकडच्या फाट्यापर्यंत चालत जात आणि तिथून एसटीने परत येत. बसायला जागा असली, तरी ते चालकाच्या पाठीशी उभे राहत.

‘मागं सरका ना, भाई. बाकडं मोकळं हाय,’ कंडक्टर ओरडे.

‘राहू दे. मला हितूनच बगायचंय.’

दिलीप एकदा वैतागला. ‘अहो चाचा, गिऱ्हाईक पायी येतं. ते काय बॉनेटवर बसून येतं व्हय?’

‘तू रंग लाव,’ चांदभाई म्हणाले.

अखेर पाटी ठरली. मैलाच्या दगडासारखा पिवळा रंग, वर काळी ठसठशीत अक्षरे: ‘चांदभाई व बंधू’. दिलीपचा कुंचला थबकला.

‘बंधू कंचे? तुमी तर एकटेच की!’

चांदभाईंनी काळ्या रंगाचा डबा त्याच्यापुढे सरकवला. मला मात्र ठाऊक होते. धाकटा मुनीर त्यांच्याच हाताखाली पत्रा ठोकायला शिकला होता. पुढे त्याने हातोडा ठेवला आणि एसटीत चालक झाला. वडिलांचा धंदा सोडला म्हणून चांदभाईंनी भर बाजारात त्याला बजावले होते, ‘या दुकानाची पायरी चढू नगंस.’ तोही याच घरचा. तो ती पुन्हा चढला नाही. हल्ली त्याची गाडी नगरकडून शेवगावला येत असे, हे साऱ्या गावाला माहीत होते.

पाटी चढवण्याचा दिवस आठवडे बाजाराचा. चांदभाई शिडीवर, शिडी माझ्या हाती. त्यांनी पाटी दुकानावर नीट बसवलीच नाही. एका कुशीवर वळवून नगरच्या रस्त्याकडे तिचे तोंड केले. बाजारातून येणाऱ्या गिऱ्हाइकाला दिसे तो नुसता कोरा पत्रा. तेव्हापासून लोक पत्ता सांगू लागले, ‘पाठमोऱ्या पाटीचं दुकान’. बाजाराच्या गर्दीत घाईघाईने खिळे चुकले, असे वकीलसाहेब सांगतात. ज्या हातांनी जन्मभर एक वाकडी पेटी विकली नाही, त्यांचे खिळे चुकले म्हणे!

मीच खालून म्हणालो होतो, ‘चांदभाई, एवढा सोस कशाला? स्टँड जवळ आहे. जा आणि त्याला घेऊन या.’

त्यांनी तोंडातला खिळा काढून हातात घेतला. मग म्हणाले, ‘अन्ना, मोठा हाय मी. येऊ नगं म्हणालो, ते समद्यांनी ऐकलं. आता ये म्हणाया तोंड उघडत न्हाई. म्हनून लिवून टाकलं.’

त्यानंतर नगरची गाडी जवळ आली, की चांदभाईंची मान खाली जाई. गाडी निघून जाई, मान वर येई. असे पुष्कळ दिवस चालले. आणि एका दुपारी गाडी पाटीसमोर हळू झाली. हॉर्न वाजला, पुन्हा एकदा वाजला.

रस्त्यात म्हैस आडवी आली होती, असे वकीलसाहेबांचे म्हणणे. ते त्या वेळी कोर्टात होते. मी पेटीवर बसलो होतो. रस्ता पार मोकळा होता. ना म्हैस, ना माणूस.

चांदभाईंनी वर पाहिले नाही. त्यांच्यापुढे तयार पेटी होती, कड्या-कोयंड्यासकट पुरी झालेली. तिच्यात ठोकण्यासारखे काहीही उरले नव्हते. त्यांनी हातोडा उचलला आणि तिच्या झाकणावर दोन ठोके दिले.