कप्तान सिंहमहाराजांची परग्रहस्वारी

एका जंगलात, मुलांनो, संध्याकाळ झाली की शिकार बंद पडे. वडाखालच्या टीव्हीवर अंतराळयानाची मालिका लागे ना! हरिण चक्क वाघाला खेटून बसे. जाहिराती लागल्या की मात्र जरा सरकून बसे.

मालिका संपली आणि जंगल सुनंसुनं झालं. गेनबा साळिंदर पक्का दुकानदार. त्यानं त्याच मालिकेचं पुस्तक विकायला आणलं. त्यात वाचणाराच यानाचा कप्तान. परग्रहाचं दार उघडायचं असेल, तर चाळिसाव्या पानावर जा. पळायचं असेल, तर बाराव्या. माल हातोहात खपला. वाचताना जो तो मागच्या पानात पंजा अडकवून ठेवी. पुढं मेला, की गुपचूप मागं येई.

सिंहमहाराज तेवढे तसं करत नसत.

"अहो, ठेवा की पंजा," सिंहीण म्हणाली. "सगळेच ठेवतात."

"राजा मागं फिरत नाही!" महाराज गरजले, आणि चाळिसाव्या पानावर त्यांना हिरव्या चिखलानं गिळलं. दुसऱ्या दिवशी ते बाराव्या पानावर गेले. यान फुटलं.

गेनबाला बोलावणं आलं.

"काय रे साळ्या, तुझ्या पुस्तकात राजा रोज मरतो?"

"महाराज, निवड आपलीच..."

"म्हणजे चूक माझी?"

गिऱ्हाइकाला चुकलात म्हणायचं नसतं, माल बदलून द्यायचा असतो, हे गेनबाला ठाऊक होतं.

"छे छे! आपल्याला चुकून रयतेची प्रत गेली. राजआवृत्ती उद्या आणतो."

"आण. नाहीतर तुझ्या काट्यांनी दात कोरीन."

राजआवृत्ती आली. दार उघडायचं असेल, तर शेवटच्या पानावर जा. पळायचं असेल, तर शेवटच्या पानावर जा. डुलकी काढायची असेल, तरी शेवटच्याच. तिथं छापलं होतं, 'कप्तान जिंकले!'

महाराजांचे डोळे भरून आले. "काय अचूक निवडलं मी!"

"अहो, सगळीकडे एकच पान आहे की," सिंहीण म्हणाली.

गेनबानं हात जोडले. "राणीसाहेब, थोरांचा विचार कुठूनही निघो, योग्य ठिकाणीच पोचतो."

त्या दिवसापासून जंगलात हीच आवृत्ती सक्तीची झाली. मागच्या पानात पंजा ठेवणं गुन्हा ठरलं. रयत खूश होती. पूर्वी दोनच पर्याय असत, आता एका पानावर नऊ-नऊ!

तात्पर्य : गिऱ्हाइकाला निवड भरपूर द्यावी, शेवट मात्र एकच छापावा. कागदही कमी लागतो.