जोगळेकर काकांचं हरीण

लिफ्टचं दार उघडलं की जोगळेकर काका लगेच आत शिरत नाहीत. खिशातून टाल्कम पावडरची चपटी बाटली काढतात, फुस्स करून पांढरा ढग सोडतात, तो कुठे सरकतो ते डोळे बारीक करून बघतात, आणि मगच पाऊल टाकतात. एकदा आत काळा अबाया घातलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्या बाहेर पडल्या तेव्हा खांद्यांवर पीठ चाळल्यासारख्या दिसत होत्या. "सॉरी सिस्टर, वारा बघत होतो," काका घाईघाईत चक्क मराठीत म्हणाले.

दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वारा नसतो, एसी असतो. पण हरीण एसीत राहत नाही, आणि काका हरणासाठी जगतात.

हे हरीण अमेरिकेतलं. वायोमिंग नावाच्या राज्यात, उंच डोंगरावर जिथे झाडंसुद्धा उगवायची थांबतात तिथे राहतं. कान खेचरासारखे, म्हणून नाव म्यूल डिअर. त्याला धनुष्यबाणाने मारायचं, म्हणजे अगदी जवळ जायचं, म्हणजे त्याला आपला वास लागता कामा नये. काकांचा मुलगा अनिकेत टेक्सासला असतो. एकदा फोनवर तो सहज म्हणून गेला, "यू शुड कम हंटिंग विथ मी समटाइम, बाबा." तो हे वाक्य बहुतेक फोन ठेवताच विसरला. काकांनी त्यावर संसार मांडला.

मी पुण्यात कॉलेजात पत्रकं लिहायला शिकले, गुळगुळीत बोलायला नाही. इथे पत्रकं वाटता येत नाहीत, म्हणून मी ती तोंडावर म्हणून दाखवते.

"काका, एका मुक्या जिवाला मारायला तुम्ही अर्धी पृथ्वी ओलांडणार? हा खून आहे, खून!"

"या, क्रांतिकारक, बसा. अगं, सध्या प्लॅनिंग आहे. मारणं अगदी शेवटी."

"आणि हरणाचं काय?"

"त्याचंही काहीतरी प्लॅनिंग असेलच की."

अशा माणसाशी भांडायचं कसं? अंडं फोडताना तोंड फिरवणारा माणूस! शारजाच्या धनुर्विद्या क्लबात गोल निशाणावर झकास बाण मारतो, प्राण्याच्या आकाराचं निशाण लावलं की म्हणतो, "नको. चेहरा असला की हात हलतो." मग चालला कशाला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "दहा दिवस तंबूत राहायचं असतं. तंबू दोघांचा."

हमरिया फ्री झोनमधल्या पाइपच्या कंपनीतून आले की पाठीवरच्या सॅकमध्ये बासमतीच्या गोण्या भरून जिने चढायचे. खाली केरळचा वॉचमन ओरडायचा, "अंकल, लिफ्ट चालू है!" वरून घामेजलेला आवाज यायचा, "हबीबी, पहाड में लिफ्ट नहीं है!" घरात हिंगाची फोडणी बंद, उदबत्ती बंद. हरणाला हिंग कळतो म्हणे.

"मग हरणाला सांगा हिंग संपलाय म्हणून," काकू म्हणायच्या, "आणि आज आमटी जेवा."

परराज्यातल्या माणसाला तिथला शिकारीचा परवाना सोडतीत लागतो. नाही लागला तर दर वर्षी एक पॉइंट जमा होतो. काकांनी इमानेइतबारे पॉइंट साठवले. अनिकेतचे पॉइंट मागे एकदा तो मित्रांबरोबर शिकारीला गेला तेव्हा खर्ची पडले होते. त्या खेपेला काका म्हणाले होते, "जाऊ दे, तरुण पोरं आहेत." या वर्षी बापलेकांनी एकत्र अर्ज केला. एकत्र अर्जात दोघांच्या पॉइंट्सची सरासरी धरतात. म्हणजे बापाच्या साठ्यावर पोरगा वर उचलला गेला, आणि दोघांनाही परवाना लागला. काकांनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. एका मृत्यूचे पेढे म्हणून मी घेतला नाही.

पुढच्याच महिन्यात मी काकूंचा डबा परत द्यायला गेले होते, तेव्हा अनिकेतचा फोन आला. स्पीकरवर.

"बाबा, डोन्ट टेक इट रॉन्गली. इट्स रिअली हाय अप देअर. आय विल बी वरीड अबाउट यू द होल टाइम."

"मी रोज जिने चढतोय रे."

"इट्स नॉट स्टेअर्स, बाबा. माझे फादर-इन-लॉ येतायत कॅम्पवर. ही नोज दीज माउंटन्स. तुम्ही आणि आई ख्रिसमसला या ना घरी." मग म्हणाला, "सुट्टीच्या फ्रायडेला तुम्ही घरी फक्त झोपायचात. मी डेझर्टला जाऊ या म्हणायचो. व्हाय नाऊ?"

काकूंनी हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. माझ्या डोक्यात एक सणसणीत पत्रक तयार होत होतं. पॉइंट बापाचे, तंबू सासऱ्याचा!

काका म्हणाले, "बरोबर आहे तुझं." मग सांगू लागले, "पहाटे हवा डोंगरावरून खाली वाहते. ऊन चढलं की उलटी, खालून वर. तेव्हा तू वरून उतर."

"आय नो, बाबा."

"हो. तुला माहीतच असणार."

सप्टेंबरात गणपती आमच्या घरी बसला. आरतीला काकांना बघून सगळे चकित. "काका, तुम्ही इथे? डोंगरावर ना?"

"कंपनीने रजा दिली नाही," काका म्हणाले.

झालं! सगळे कंपनीवर तुटून पडले. "इतकी वर्षं हाडं झिजवली, त्याची ही किंमत?" "खलास! असल्यांना उघडं पाडलं पाहिजे." कोणीतरी माझ्याकडे वळलं. "तू लिहितेस ना? लिही की यावर!"

रजा कंपनीने मागताक्षणी दिली होती. मला माहीत होतं. काकांना मी बाल्कनीत ओढून नेलं.

"काका, खोटं का बोलता? ज्याला शिव्या पडायला हव्यात त्याचं नाव सांगा!"

"कंपनीला शिव्या लागत नाहीत गं."

"हा अन्याय आहे."

"असेल. पण ही थाप आमच्या घरात जुनी आहे." ते खालच्या रस्त्याकडे बघत होते. "अनिकेतच्या शाळेत स्नेहसंमेलन, क्रिकेटची मॅच, काहीही असलं की तो विचारायचा, बाबा का नाही आले? ही सांगायची, कंपनीने रजा दिली नाही. कंपनी तेव्हाही देत होती. मीच मागत नव्हतो."

 

आत काकू माझ्या आईच्या हाताखाली मोदक वळत होत्या. आईने विचारलं असावं, कारण काकूंचा आवाज बाल्कनीपर्यंत स्वच्छ आला:

"नाही हो दिली. शेवटपर्यंत मागत होते बिचारे. अनिकेत तर तिकडे नुसता वाट बघत बसलाय."

कुठेही न अडखळता म्हणाल्या. सराईत होता आवाज.