सून पळाली

पडद्याच्या दुकानात शिवणकाम करणाऱ्या त्या बाईने शर्यतीत नाव दिलंय, हे घरात फक्त सासऱ्यांना माहीत होतं. नवऱ्याला सांगायला सवडच झाली नाही. तो बेकरीत भट्टीवर. तो येऊन आडवा व्हायचा तेव्हा ही उठायची, आणि दोघांची गाठ पडायची ती उंबऱ्यावर, किल्ली देण्याघेण्यापुरती. शिवाय तो हसेल, अशी तिला धास्ती होती. तो हसला असता तर तिने नाव मागे घेतलं असतं, आणि तिला एकदा तरी काहीतरी पुरतं करायचं होतं. तिच्या वाट्याला सगळं अर्धवटच यायचं: अर्धा चहा, अर्धी झोप, कोणाच्या तरी खिडकीचा अर्धा पडदा. दहा किलोमीटर मात्र तिची एकटीची होती. त्यातली अर्धी कोणी मागून नेणार नव्हतं.

सरावाच्या नावाने आनंदच होता. कचरा टाकायला जिन्याने पळत जायचं आणि दूध उतू जायच्या आत परत यायचं. दुकानात मशीनचं पायडल मारताना डोळे मिटून, आपण रस्त्यावर आहोत असं समजायचं. त्या नादात एकदा पडद्याची शिवण सरळ शेजारच्या टेबलक्लॉथला जाऊन मिळाली. मालकांनी ती उसवायला लावली, पण तिच्या मते तेवढं अंतर कापून झालं होतं. शेजारचे निवृत्त पोस्टमनकाका तेवढे तिचे गुरू. घाई करू नकोस, टपाल पोचल्याशी मतलब, एवढाच त्यांचा उपदेश.

शर्यतीच्या सकाळी निघताना ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, मी पोस्टमनकाकांबरोबर पळायला जातेय, नदीच्या रस्त्याला. चहा थर्मासमध्ये आहे. ह्यांना नीट समजावून सांगा."

इथेच माशी शिंकली. सासऱ्यांची उभी हयात तारखात्यात गेली होती. शब्द वाढला की पैसे वाढतात, हे त्यांच्या हाडीमासी इतकं खिळलं होतं, की घरातसुद्धा ते फुकटचा शब्द खर्च करत नसत. मुलगा भट्टीवरून आला तसा त्यांनी निरोप पोचता केला.

"सून पळाली. पोस्टमनबरोबर. चहा थर्मासमध्ये."

मुलगा मटकन खुर्चीत बसला. पोस्टमनकाकांनी सत्तरी ओलांडली होती, पण हल्ली कोणाचा काय भरवसा.

"जाताना काही म्हणाली का?"

"समजावून सांगा म्हणाली."

"मग सांगा ना, बाबा."

"सांगितलं."

तेवढ्यात दुकानाच्या मालकांचा फोन आला. नाट्यगृहाचा मोठा पडदा संध्याकाळी टांगायचा होता आणि त्याच्या चुण्या फक्त तिलाच ठाऊक होत्या. त्यांनाही तीच तार मिळाली, फक्त चहा वगळून. ते तडक स्कूटर घेऊन आले. एकाची बायको गेली होती, दुसऱ्याची कारागीर. दुःख कोणाचं मोठं हे ठरायच्या आत, सासऱ्यांकडून "नदीचा रस्ता" एवढे दोन शब्द कसेबसे मिळवून दोघे तिकडे निघाले. एप्रन काढायचंही नवऱ्याला सुचलं नाही.

इकडे ती सगळ्यांच्या मागे पडली होती. काका केव्हाच दिसेनासे झाले होते. नदीवरून धुकं वर येत होतं आणि रस्त्यालगतच्या खिडक्यांना तिने शिवलेले पडदे होते. एरवी ते तिच्या मांडीवर मुकाट पडून असायचे. आज वाऱ्याने ते आतबाहेर होत होते, गाढ झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखे. एकेका खिडकीशी तिची चाल मंदावायची. आपण पळतोय की झोपेत चालतोय हे तिला धड कळेना, आणि कळून घ्यायची घाईही नव्हती. इतका वेळ तिला कोणी हाक मारली नव्हती. ती फार सुखात होती.

मग हाक आलीच. शर्यतीसाठी बांधलेल्या दोरीशी स्कूटर अडली होती, आणि नवरा दोरीखालून घुसून बेकरीतल्या चपलांनिशी धावत येत होता.

"अगं, मागे फिर," तो धापा टाकत म्हणाला.

शर्यत सोडायला सांगतोय, असं तिला वाटलं. "आता नाही. आता शेवटपर्यंत जाणार."

"माझं काय चुकलं, एवढं तरी सांग."

"तुमचं काही नाही हो. मलाच मनापासून वाटलं, एकदा पळावं."

"काकांबरोबर?"

"ते गेले पुढे. त्यांचा दम दांडगा आहे."

नवऱ्याचा पाय अडखळला. "मला विचारायचं तरी होतंस," तो रडवेला होऊन म्हणाला. "मी आलो असतो."

तिने वळून पाहिलं. त्याच्या भुवयांवर पीठ होतं. "तुम्ही आला असतात?"

"कुठेही."

"मग चला. पाय उचला."

ती पुढे झाली तेव्हा तिच्या पाठीवर टाचलेला शर्यतीचा आकडा त्याला दिसला. हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो हसला मात्र नाही. त्याने एप्रन वर खोचला आणि तिच्या मागोमाग पळत राहिला.

शेवटच्या कमानीशी एक माणूस फीत गुंडाळत होता. त्याने ह्या दोघांना पाहिलं आणि गुंडाळलेली फीत पुन्हा सोडली. ती पार झाली, पुरती, आणि नवरा तिच्या मागे शेवटचा आला. कठड्यावर बसलेल्या काकांनी टपाल पोचल्यासारखी मान हलवली. मग ती दोघं नदीकाठच्या चहाच्या टपरीवर बसली, आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खा चहा संपवला.

दोरीशी ताटकळलेल्या मालकांनी शेवटी घरी फोन लावला. मुलगा परत आला का, असं त्यांनी विचारलं. मुलाने नुकतंच फोन करून बापाला सगळं नीट समजावून सांगितलं होतं.

"नाही. तोही पळाला."

"अहो, पण कोणाबरोबर?"

सासऱ्यांनी थोडा विचार केला आणि एक शब्द जास्तीचा खर्च केला.

"बायकोबरोबर."