एका दांडीची दोन पारडी

संशय हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्या घरात विश्वासाला पाहुण्यासारखे अंग चोरून राहावे लागते. वजनमापे खात्यातले निरीक्षक तीस वर्षे बाजारातले तराजू तपासत हिंडले होते. दुकानदाराची तागडी, सोनाराचा काटा, दूधवाल्याचे माप या सर्वांकडे त्यांनी एकाच नजरेने पाहिले होते आणि ती नजर मायेची नव्हती. लग्न ठरवताना त्यांनी मुलीची उंचीसुद्धा दाराच्या चौकटीशी पडताळून पाहिली, असा त्यांच्या सासूबाईंचा आरोप होता. (निरीक्षकांनी तो कधी नाकारला नाही. चौकट प्रमाणित होती, एवढेच ते म्हणत.)

तीच नजर आता गढूळ झाली होती. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डावा डोळा मूळचाच अधू. गेल्या महिन्यात एका सोनाराच्या काट्यावर त्यांनी तिनाचा आठ वाचला, तेव्हा सोनाराने हात जोडून विचारले होते, "साहेब, आज तुम्ही काट्याला तपासताय, की काटा तुम्हाला?" ही गोष्ट वरिष्ठांच्या कानी गेली. वरिष्ठ म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत डोळा करून या. नाहीतर फिरतीचं काम दुसऱ्याकडे, आणि तुम्ही अभिलेखागारात." अभिलेखागार म्हणजे तळघरातली खोली. तिथे जुन्या फायली आणि जुने निरीक्षक सारख्याच रीतीने जतन केले जात.

डोळ्यांच्या सर्जनांनी शुक्रवार दिला, पण अट घातली. गुरुवारी नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी हवी: रक्तातली साखर एकशे ऐंशीच्या आत, वरचा दाब एकशे चाळीसच्या आत. सोमवारी तपासले तेव्हा साखर निघाली दोनशे छत्तीस आणि दाब एकशे बासष्ट. डॉक्टरीणबाईंनी दोन्हींच्या गोळ्या दिल्या, गोड आणि मीठ तोडले, रोज चालायला सांगितले आणि बजावले, "चार दिवस नीट पाळा, जमण्यासारखं आहे."

दुसऱ्या कोणी गोळी घेतली असती आणि चालायला लागला असता. निरीक्षकांनी एक लहानसा निर्णय घेतला: आकड्यांवर विश्वास ठेवण्यापूर्वी यंत्रे तपासायची.

त्याच संध्याकाळी ते साखर मोजण्याचे एक आणि दाब मोजण्याचे एक अशी दोन नवी यंत्रे घेऊन आले. जेवणाच्या टेबलावर त्यांनी पांढरे कापड अंथरले, वही उघडली आणि सर्वप्रथम दाबाचा पट्टा टेबलाच्या पायाला गुंडाळला.

"अहो, हे काय चाललंय?" बायकोने विचारले. त्या शिवणकाम करीत, आणि त्यांच्या गळ्यात टेप अडकवलेली होती. घरातले तेवढे एकच माप निरीक्षकांनी तपासले नव्हते, तपासायची हिंमत झाली नव्हती.

"शून्य बघतोय. निर्जीव वस्तूला दाब नसतो. यंत्राने दाखवला, तर यंत्र खोटं."

यंत्राने बराच वेळ घुरघुर करून चूक झाल्याची खूण दाखवली.

"प्रामाणिक आहे," निरीक्षक समाधानाने म्हणाले. "आता सासूबाई."

सासूबाई खिडकीपाशी चहात बिस्कीट बुडवून खात होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. दाब निघाला एकशे अठरा, साखर शंभराच्या घरात. निरीक्षकांना हा स्वतःचा अपमान वाटला. त्यांनी तीनदा मोजून सरासरी काढली. सरासरीने अपमान कायम केला.

"जावईबापू," सासूबाई दंड चोळत म्हणाल्या, "माझं वजन बरोबर भरत असलं, तर आता पुडी बांधा की!"

खरा घोटाळा मंगळवारी झाला. सकाळी लिफ्ट बंद होती. निरीक्षक दूध घेऊन उपाशीपोटी चार जिने चढून आले आणि आल्याआल्या यंत्रांपुढे बसले. साखर एकशे तीस, दाब एकशे अठ्ठावन्न. दुपारी जेवून, गोळ्या घेऊन ते आरामखुर्चीत बसले. सासूबाईंच्या डब्यातली तीन गोड बिस्किटे त्यांच्या हातून (हातून, असेच त्यांनी वहीत नोंदवले) तोंडात गेली आणि तासभर डोळा लागला. उठून मोजले: साखर दोनशे चौदा, दाब एकशे बत्तीस.

निरीक्षक खुर्चीतून ताडकन उभे राहिले. तीस वर्षांत कुठल्याही तराजूने त्यांना इतका आनंद दिला नव्हता.

"अगं, सापडलं! बाहेर ये, सापडलं!"

बायको सुई दातात धरून धावत आल्या. "काय हरवलं होतं?"

"नियम! साखर खाली, तेव्हा दाब वर. साखर वर, तेव्हा दाब खाली. अगं, ही एका दांडीची दोन पारडी आहेत! इतके डॉक्टर झाले, पण एकाच्याही लक्षात आलं नाही. कसं येणार? त्यांच्यातल्या कोणी तराजू हातात धरलाय?"

येथे थोडे थांबून निरीक्षकांना न्याय दिला पाहिजे. जोडीने येणाऱ्या गोष्टींत वैर कल्पिण्याची खोड एकट्या त्यांची नव्हे, ती लोकमानसाची जुनी सवय आहे. कहाणीत राजाला दोन राण्या असल्या की एक आवडती आणि दुसरी नावडती असणारच, आणि एकीच्या महालात दिवा लागला की दुसरीकडे अंधार पडणारच. दोघींचे आतून सूत जमले असेल आणि दोघी मिळून राजाचाच काटा काढत असतील, ही शक्यता सांगणाराही विचारात घेत नाही आणि ऐकणाराही. निरीक्षकांची चूक परंपरेला धरून होती. तिची अंमलबजावणी मात्र सर्वस्वी त्यांची स्वतःची.

त्यांनी गणित मांडले. साखर एकशे ऐंशीपर्यंत चालते, म्हणजे त्या पारड्यात जागा आहे. दाब उतरवायचा, तर तिकडे थोडे वजन टाकायचे. तीन बिस्किटांनी दाब सव्वीस अंकांनी उतरला, तर एका बिस्किटाने जवळजवळ नऊ. सोन्याच्या तपासणीसाठी बाळगलेला छोटा काटा त्यांनी काढला आणि बिस्किटे मिलिग्रॅमपर्यंत मोजून कागदाच्या पुड्या बांधल्या. प्रयोगात भेसळ नको, म्हणून बुधवारपासून डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या खणात ठेवल्या. हे त्यांनी बायकोला सांगितले नाही. थोर शोध सुरुवातीला एकांतात वाढावा, असे त्यांचे मत होते.

बुधवारी एक पुडी खाल्ली. दाब एकशे पन्नास. "वजन कमी पडलं," निरीक्षक म्हणाले. दोन पुड्या खाल्ल्या. दाब एकशे पंचावन्न. "दांडी अजून हलतेय. स्थिर व्हायला वेळ लागतो." साखर त्या दिवशी त्यांनी मोजलीच नाही. एक पारडे कळले की दुसरे कळतेच, मग बोट कशाला टोचायचे?

गुरुवारी सकाळी तिघेही दवाखान्यात पोहोचले. सासूबाईंना कोणी बोलावले नव्हते. त्या म्हणाल्या, "घरात तीन दिवस तमाशा बघितला, शेवट चुकवू होय?" बाकावर अकरा माणसे बसली होती. निरीक्षकांचे हृदय ढोल वाजवू लागले. दाब वाढत असणार! त्यांनी खिशातली पुडी हळूच तोंडात रिकामी केली. मग दुसरी. नंबर जवळ आला तशी तिसरी आणि चौथी. पाचवी तोंडात असतानाच बायकोने मनगट धरले.

"अहो, काय खाताय?"

"औषध," निरीक्षक म्हणाले. त्यांच्या मिशीवरून औषधाचा चुरा पडला.

बायकोने चुरा बोटाने टिपून चाखला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते पाहून शेजारचे आजोबा बाकावर दोन वीत सरकले. त्या काही बोलणार, तोच परिचारिकेने हाक मारली.

डॉक्टरीणबाईंनी बोट टोचले, पट्टा बांधला, आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. "साखर तीनशे बारा. दाब एकशे चौऱ्याहत्तर."

"दोन्ही वर?" निरीक्षक ओरडले. "अशक्य! दोन्ही पारडी एकदम वर जातातच कशी? बाई, तुमचं यंत्र सदोष आहे!"

आणि मग तीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या हातांनी डोक्याला न विचारता काम सुरू केले. पिशवीतून तार निघाली, शिशाची मोहोर निघाली, पक्कड निघाली. डॉक्टरीणबाई "अहो, अहो" म्हणेपर्यंत दाबाच्या यंत्राला तारेचा वेढा पडला, मोहोर कचकन दाबली गेली आणि जप्तीचा पंचनामा अर्धा लिहूनही झाला.

"साक्षीदार म्हणून सही करा," त्यांनी परिचारिकेपुढे कागद सरकवला.

"निरीक्षकसाहेब," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "बाहेर अकरा माणसं बसलीत. त्यांचा दाब आता काय मी तोंडावरून ओळखू?"

"बाई, ह्यांचा ओळखा!" बाहेरून कोणीतरी ओरडले. "आम्हाला इथूनसुद्धा दिसतोय!"

बाकावर हशा पिकला. बायकोने मात्र कापडी पिशवीतून घरची दोन्ही यंत्रे काढून टेबलावर ठेवली. "तुम्ही तपासून पास केलेली आहेत ना? टेबलाला पट्टा लावून? मग घाला हात पुढे."

घरच्या यंत्राने साखर तीनशे दहा दाखवली, दाब एकशे शहात्तर. सासूबाईंनी न सांगता बाही वर केली. त्यांचा एकशे सोळा. "मोहोर माझ्यावर मारा," त्या म्हणाल्या, "खात्याला एक तरी अस्सल नमुना मिळेल."

निरीक्षक खुर्चीत बसले. त्यांनी वही उघडून मंगळवारची पाने डॉक्टरीणबाईंपुढे धरली आणि खचलेल्या आवाजात आपला नियम सांगितला. बाईंनी सगळे वाचले. हसल्या नाहीत, हे त्यांचे मोठेपण.

"सकाळी चार जिने चढून लगेच मोजलंत. दाब चढणारच, आणि पोट रिकामं म्हणून साखर कमी. दुपारी काय काय केलंत?"

"बिस्किटं खाल्ली."

"त्याआधी?"

"जेवलो."

"आणि?"

निरीक्षकांनी छताकडे पाहिले. "गोळ्या घेतल्या."

"आणि तासभर स्वस्थ झोपलात. आता तुम्हीच सांगा, दाब गोळीने आणि विसाव्याने उतरला, की बिस्किटाने?"

बाहेरच्या अकरा जणांचे कान दाराला लागले.

"ह्या दोघी सवती नाहीत, साहेब. सख्ख्या बहिणी आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साखर बरेच दिवस वर राहिली की रक्तवाहिन्या कडक होतात. मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात. मग दाब वाढतो. आणि दोघी मिळून बारीक रक्तवाहिन्यांवर तुटून पडतात. त्या कुठे असतात माहितीये? मूत्रपिंडात, आणि डोळ्याच्या पडद्यात. मोतीबिंदू काढता येतो. पडदा गेला, तर कोणता सर्जन तो परत आणणार?"

निरीक्षकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. काट्याच्या बारीक रेघा, मापांच्या तळाचे शिक्के, चष्म्याच्या काठावरून पाहिलेले शेकडो घाबरे चेहरे, सगळे त्यांना एकदम धुरात जाताना दिसले. त्यांनी निमूटपणे पक्कड घेतली आणि यंत्राची तार कापली. कारकिर्दीत स्वतःच लावलेली मोहोर स्वतः तोडण्याची ही पहिली वेळ.

"गोळ्या कुठायत?" बायकोने विचारले.

"खणात."

"घरी चला," त्या म्हणाल्या. हे दोन शब्द त्यांनी इतक्या हळू उच्चारले की निरीक्षकांना पंचनाम्याची भाषा त्यापुढे प्रेमळ वाटली.

शुक्रवार गेला. डॉक्टरीणबाईंनी सर्जनांना फोन करून तीन आठवड्यांनंतरची, महिनाअखेरच्या आदल्या दिवशीची तारीख मागून घेतली. ते तीन आठवडे घराचा कारभार दोन बायकांच्या हाती गेला. बायको गोळी हातावर ठेवीत आणि गिळल्यावर तोंड उघडायला लावीत. सासूबाई बिस्किटांचा डबा उशाशी घेऊन झोपत. निरीक्षक रोज पहाटे चालत. पहिल्या आठवड्यात साखर थोडी उतरली आणि तिच्यामागून दाबही. दुसऱ्या आठवड्यात दोघी हात धरून आणखी खाली आल्या. निरीक्षक आकड्यांकडे पाहत राहिले. इतक्या एकजुटीने खाली येणारी पारडी त्यांनी बाजारात पाहिली असती, तर दुकान बंद केले असते.

ठरल्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जनांनी पट्टी काढली. निरीक्षकांनी पापणी उघडली आणि खोलीतली प्रत्येक वस्तू काठासकट त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली: पडद्याची शिवण, खाटेचा स्क्रू, बायकोच्या पापणीवर अडकलेले पाणी.

"वाचता येतंय का बघू," सर्जन म्हणाले आणि समोर आला तो पहिला कागद त्यांनी पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी सोबत पाठवलेले ते पत्र होते. "अगदी तळाची बारीक ओळ वाचा. मोठ्याने."

निरीक्षक उठून ताठ बसले. खोलीत आणखी पाच रुग्ण होते, दोन परिचारिका होत्या, दारात सासूबाई होत्या. तीस वर्षे बाजारात गाजलेल्या आवाजात, एकही अक्षर न अडखळता, काना-मात्रेसकट त्यांनी वाचले:

"रुग्णाने स्वतः सांगितलेला कोणताही आकडा ग्राह्य धरू नये. खात्री पत्नीकडून करून घ्यावी."

"वा!" सर्जन म्हणाले. "अगदी अचूक."